अळणीत भिजवलेली खसखस

"लिहा की, भाऊजी," म्हणत मालकीणबाईंनी वही पुढे सरकवली. "कायदा बदललाय. तुमचं काम इथल्या कुणाला जमत नाही, हे आता मालकानं लेखी द्यावं लागतं, पुराव्याला तुमच्या रश्श्याची कृती जोडून. तरच व्हिसा वाढतो."

लंडनमधल्या त्यांच्या खानावळीत सर्जेराव सात वर्षं आचारी होता. पांढऱ्या रश्श्याचं मर्म कुणालाही द्यायचं नाही, असं कोल्हापुरातून निघताना वडिलांनी बजावलं होतं. पण आता बायको इथं होती, पोरगी इथल्या शाळेत दहावीला होती. त्यानं मसाल्यांची वजनं लिहिली, क्रम लिहिला. शेवटच्या ओळीपाशी पेन बराच वेळ अडलं. मग त्यानं तीही लिहून टाकली: खसखस साध्या पाण्यात नाही, मटणाच्या अळणी पाण्यात भिजवायची.

तीन आठवड्यांनी तो कामावर आला, तेव्हा त्याच्या शेगडीपाशी इथलीच एक बाई उभी होती. समोरच्या भिंतीवर त्याच्या वहीचं इंग्रजी भाषांतर चिकटवलेलं होतं.

"नव्या कायद्यानं तुमचा पगार फार वाढवावा लागतोय, भाऊजी. नाही झेपत," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन महिन्यांत तुम्हाला परत जावं लागेल." मग त्यांनी रश्श्याची वाटी त्याच्या हातात दिली. "एवढं चाखून सांगा, जमलाय का."

सर्जेरावनं घोट घेतला. चव बापाच्या हातची होती.

"मीठ जरा कमी पडलंय, वहिनी," सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं.

वहिनींनी तेवढंही भिंतीवरच्या कागदावर लिहून घेतलं.