चाकोरीतले पाणी

जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या, रणगाड्यांच्या सरावाच्या जुन्या मैदानावर दर रविवारी चिखलातून जीप हाकणे, हाच नामदेव गायकवाडचा परदेशातला एकमेव आनंद होता. २००७ साली त्या मैदानाविषयी कायदा होऊ घातला: गाड्यांना खुले, की निसर्गासाठी राखीव? नेमके तेव्हाच आपल्या जीपच्या चाकोरीत साचलेल्या पाण्यात त्याला पिवळ्या पोटाचे दुर्मीळ बेडूक दिसले. राहवेना, म्हणून त्याने स्वतःच निसर्गरक्षण खात्याला पत्र लिहिले.

"आता रविवारी घरात बसून बेडकांचे फोटो बघ," बायको क्रांती म्हणाली.

सुनावणीला तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसला. निसर्गरक्षण खात्याच्या वयस्क बाईंनी त्याचे पत्र वाचून दाखवले. "रणगाडे गेले, डबकी बुजली, बेडूकही गेले. उरलेत ते फक्त या गृहस्थांच्या चाकोऱ्यांत."

कायदा संमत झाला. अर्धे मैदान गाड्यांना, अर्धे बेडकांना.

बाहेर बाईंनी त्याला गाठले. "तर मग, गायकवाडसाहेब, कायद्याचे शेवटचे कलम वाचलेत? राखीव भागातली डबकी बुजू द्यायची नाहीत. शरदात बेडूक पाण्याबाहेर गेले, की जीप घेऊन या. आणि जरा जोरात चालवा."