चकव्यानं नेलेला माणूस

डोळ्यांवर रुमाल बांधून पोरं शाळेच्या पटांगणात नाकासमोर चालायला निघाली आणि वळत वळत भलतीकडेच गेली. “बघितलंत?” बर्वे गुरुजी खुशीत म्हणाले. “खूण दिसेनाशी झाली की माणूस गोल फिरतो. रानातला चकवा तो एवढाच. भूतबित काही नाही.”

सगळी हसली. कल्याणी तेवढी हसली नाही.

“गुरुजी, गोल फिरलं की माणूस परत तिथंच येतो ना? मग चकव्यानं नेलेले माझे बाबा चार वर्षं कुठे आहेत?”

शिकवण्याच्या भरात गुरुजी विसरलेच होते. तिचा बाप शहरात दुसरं घर करून राहिला होता. पोरीला कळू नये म्हणून साऱ्या गावानं चकव्याचं नाव पुढं केलं होतं, गुरुजींनीही.

शाळेची खिचडी शिजवणारी तिची आई पळी टाकून धावत आली. “पाणी भर जा गं,” म्हणत तिनं लेकीला आत पिटाळलं.

“झालं शिकवून?” ती दबक्या आवाजात म्हणाली. “चार वर्षं पोर त्या चकव्याला शिव्या घालत मोठी झाली, गुरुजी. आता त्या कुणाला घालायच्या तिनं?”