समोर माणूस असेल तर

भामरागडच्या पुढच्या एका गावात नूतनबाई शिक्षिका म्हणून आल्या आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता तुटला. वीज गेली, मोबाईलची रेंज गेली. गावची माडिया बोली त्यांना येत नव्हती. सोबतीला उरला लॅपटॉप. त्यात बॅटरी वाचवायची एक सोय होती. समोर माणूस बसला की स्क्रीन उजळायची, उठला की विझायची. आपण आहोत की नाही, याची दखल घेणारं इथं हे एवढंच आहे, असं त्यांना वाटायचं.

त्या दुपारी त्या अंगणात भांडी घासत होत्या. सहज आत पाहिलं, तर स्क्रीन उजळलेली.

हात पुसत त्या आत आल्या. खोली रिकामी होती. काहीतरी बिघडलं असेल म्हणून त्या खुर्चीत बसल्या, तशी स्क्रीन विझली. त्यांनी वाकून पाहिलं, हात हलवला. काहीच झालं नाही. खुर्ची मात्र ऊबदार लागली, आत्ताच कुणी उठल्यासारखी.

त्या झटकन उठून भिंतीला टेकल्या. स्क्रीन पुन्हा उजळली.

तेवढ्यात अंगणवाडीच्या मीराबाई दारात आल्या. गावात मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच. नूतनबाईंचे डोळे भरून आले.

"या ना, मीराबाई," त्या म्हणाल्या.

मीराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खुर्चीकडे बघून त्या मायेनं हसल्या.

"नूतनबाई, काऊन एकल्याच बसून राह्यल्या? जेवल्या का नाई?"

मग उत्तर ऐकू आल्यासारखी त्यांनी मान डोलावली.