परकारभाईंचं मत

मतदान पुकारताच नगरसेवक हनीफ परकार खुर्ची मागे सारून सभेतून निघून गेले. प्रेक्षकांत बसलेले आम्ही कीर्तनवाले बघतच राहिलो.

इंग्लंडातल्या आमच्या गावी वाचनालयातलं शनिवारचं कीर्तन चालू ठेवावं, असा ठराव होता. कोकणातून येऊन इथे निवडून आलेले परकारभाई आमचे नेहमीचे श्रोते; भिस्त त्यांच्यावरच. एक मत कमी पडलं नि ठराव पडला.

"परकार शेवटी परकाच!" शेजारी बसलेले दाबकेकाका पुटपुटले.

जिन्यात गाठून मी म्हटलं, "भाई, घात केलात की हो!"

"पुढे बसून ताल धरतो ना मी? मग आपल्याच कामाला मत दिलेलं नियमात बसत नाय, भावा."

भांडावं की पाया पडावं, मला कळेना.

"आता शनिवारी कुठे जमायचं?" त्यांनीच विचारलं. "आख्यान अर्धंच राहिलंय."