माहितीपत्रकावरची मुलगी

उन्हाळ्याचे दोन महिने मेडिकल कॉलेजात राहायचं आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची, असा खास आमच्यासारख्या काळ्या मुलांसाठीचा उपक्रम होता. अर्जाचा शेवटचा दिवस होता, आणि वर्नेलमावशी भाजी निवडता निवडता माझी उलटतपासणी घेत होती.

"राहणं फुकट, खाणं फुकट, वर हातखर्चाला पैसे? मिसिसिपीतल्या काळ्या पोरींवर एवढं प्रेम कधीपासून उतू जायला लागलं त्यांचं? नीट वाच गं, रक्तबिक्त काढून घेणार असतील."

"मावशी, तू त्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये काम करतेस ना?"

"म्हणूनच विचारतेय."

मी वैतागून माहितीपत्रक तिच्यापुढे धरलं. पांढरा कोट घातलेली, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेली, आमच्याच रंगाची एक मुलगी त्यावर हसत होती. "बघ, हिला घेतलंच ना त्यांनी?"

मावशीने हात पुसले, चष्मा लावला.

"ही तर कियोना. माझ्या शेजारी उभी राहून सूप वाढते."

 

मग पत्रक उलटं ठेवत म्हणाली, "तिचा अर्ज दोनदा नाकारला त्यांनी. फोटो मात्र पहिल्याच खेपेला पास झाला."