पहिली सरी

मंजुळाबाई लुगडं सावरत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसल्या, तसा दीपक पुढे धावला.

"नाना, अक्कांना खाली राहू द्या. घसरल्या म्हणजे?"

नानांनी स्टिअरिंगवरचे हात हलवले नाहीत. "तिनाबिगर मना हात चालत नही, भाऊ."

 चोपड्याजवळच्या या शिवारात नानांना सगळेच हसत. एवढा नावाजलेला ड्रायव्हर, पण हल्ली बायको शेजारी नसली तर किल्लीसुद्धा फिरवत नाही. ताटाखालचं मांजर म्हणून लोक चिडवत, आणि नानाही त्यांच्यासोबत हसत. मात्र सरळ सरी हवी असली की हेच हसणारे त्यांच्या दारात जाऊन उभे राहत.

दीपकला तर सरळच हवी होती. मागल्या साली एका ड्रायव्हरनं नागमोडी सऱ्या पाडल्या, ठिबकच्या नळ्या रोपांपासून लांब पडल्या आणि निम्मी केळी उभ्या उभ्या वाळली. यंदाची रोपं अंगणात येऊन पडली होती. वडिलांनी साफ बजावलं होतं, पुन्हा तसं झालं तर वावर दुसऱ्याला कसायला देऊ, तू शिरपूरला मामाच्या दुकानात बस. दीपकचा जीव या मातीत होता. त्याला रात्रभर झोप नव्हती.

मंजुळाबाईंनी मडगार्डवरूनच समोरच्या बांधाकडे बोट दाखवलं. "मालक समोर पाहिजे, भाऊ. त्या खोडवर जाईसन बस. पहिली सरी निंघस तोपावत हालू नको."

जुन्या माणसांच्या काही रिती असतात, त्या मोडू नयेत. दीपक आपला पांढरा सदरा सावरत त्या खोडावर जाऊन बसला. बांधावर नावालासुद्धा सावली नव्हती.

ट्रॅक्टर निघाला. अक्कांचा हात नानांच्या खांद्यावर, डोळे सरळ समोर. मधूनच त्या वाकून नानांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. या वयात एवढं काय बोलायचं असतं, दीपकला गंमत वाटली. पण ट्रॅक्टर जवळ आला, मागची सरी दिसली आणि तो गंमत विसरला. दोरी ताणून धरावी तशी सरी होती. 

मग बाकीच्या सऱ्या तिच्या शेजारी तशाच पडत गेल्या. उन्हं कलली तेव्हा काम संपलं. नाना खाली उतरले, अक्कांनी चहाचा कप त्यांच्या हातात धरवला. दीपक पाया पडला. नानांचा हात आधी त्याच्या कानाला लागला, मग डोक्यावर स्थिरावला.

दीपकनं अगदी मनापासून सांगितलं, की नाना, माझं वावर राखलंत, हे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. मग न राहवून त्यानं विचारलं, "एवढी सरळ सरी निघते कशी? नजर धरता तरी कशावर?"

नाना समाधानानं हसले आणि त्यांनी बांधाकडे हात केला. "तो मोठा निंब शे ना, त्यानावर. बाकी बठ्ठं आपेआप."

मंजुळाबाईंनी मान खाली घातली. त्यांचा हात अजून नानांच्या खांद्यावरच होता.

दीपकनं बांधाकडे पाहिलं. निंब गेल्या वर्षीच्या वादळात पडला होता. पहिली सरी निघेपर्यंत दीपक त्याच्याच खोडावर बसून होता.