हिरवी कड

वाळूत समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्यांपाशी शालन थबकली. समुद्राकडे तोंड असलेली खुर्ची रोज तिची. आज तिच्यात नवरा जाऊन बसला होता.

"आज तू पाठ करून बस," तो म्हणाला. "उद्या लेकीकडे नागपूरला गेल्यावर कुठला आलाय समुद्र?"

सूर्य पार बुडताना त्याची शेवटची कड कधीतरी क्षणभर हिरवी उजळते. बोटीवरच्या नोकरीत त्याने ती एकदाच पाहिली होती. आधीपासून सूर्याकडे बघत राहिलं, तर डोळे दिपतात आणि ती दिसत नाही. म्हणून निवृत्तीनंतर रोज तो पाठ करून बसायचा आणि शालन सूर्यावर नजर ठेवून ऐन वेळी "आता!" म्हणायची. तो हटकून उशिरा वळायचा. "बोटीवरही असेच झोपा काढत होतात का हो?" म्हणून ती करवादायची.

आज समोर तो होता, डोळे बारीक करून क्षितिजाकडे बघणारा. मावळतीचं ऊन थेट तोंडावर आलेलं. दाढीचे पांढरे खुंट तांब्यासारखे झळकत होते. अंतरपाट दूर झाल्यावर दिसला होता, तसाच पोरसवदा दिसत होता तो.

"आता! अगं वळ, वळ ना!"

ती वळली, तेव्हा नुसतं पाणी उरलं होतं.

"हुकली ना?" त्याचा चेहरा पडला. "एवढा ओरडलो तरी!"

"हुकू दे," खुर्चीची घडी घालत ती म्हणाली. "तुम्हाला रोज वळायला उशीर का व्हायचा, ते आज कळलं."